तुलना कोणाशी करायची? गरोदरपण आणि नैराश्यावरील औषधांचा इतिहास

गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये, हे आता खेडोपाडी माहीत झाले आहे. सल्ला रास्तच आहे. पण एखादी बाई आधीपासून रोज एक गोळी घेत असेल, ती गोळी नैराश्यावरची असेल, आणि अशातच तिला दिवस गेले तर? गोळी चालू ठेवली तर बाळाला काही होईल का? बंद केली तर बाईचे काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात साठाहून अधिक वर्षे गेली आहेत. या काळात एकदा खरा धोका बराच काळ कोणाच्या लक्षात आला नाही. एकदा नसलेलाच धोका दिसला. आणि अनेकदा धोका औषधाचा की आजाराचा, हेच कळेना. 'प्रयोगात तुलना योग्य हवी' असे आपण वर्गात नेहमी सांगतो. तुलना चुकली की माणसांना त्याची किती किंमत मोजावी लागते, हे या इतिहासात दिसते. म्हणून तो थोडा सविस्तर पाहू.

एकाच सुमारास दोन औषधे

सप्टेंबर १९५७. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात मनोविकारतज्ज्ञांची जागतिक परिषद भरली होती. तेथे रोलांड कून या डॉक्टरांनी मोजक्या श्रोत्यांपुढे एक निबंध वाचला. बाझल येथील गायगी कंपनीचे एक नवे रसायन त्यांनी म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात वापरून पाहिले होते. ज्या आजारासाठी, म्हणजे स्किझोफ्रेनियासाठी, ते दिले होते, त्यावर त्याचा उपयोग झाला नाही. खोल नैराश्यात गेलेले काही रुग्ण मात्र काही आठवड्यांत पुन्हा बोलू लागले, कामात लक्ष घालू लागले. हे रसायन म्हणजे इमिप्रामाइन. क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते, हेही त्याच वर्षी अमेरिकेत मांडले गेले. नैराश्यावर गोळी असू शकते, ही कल्पना इथून रुजली.

त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९५७ रोजी, पश्चिम जर्मनीत दुसरे एक औषध बाजारात आले: थॅलिडोमाइड. शांत झोप लागण्यासाठीचे हे औषध इतके निर्धोक मानले गेले की तेथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाऊ लागले.

आईच्या पोटात बाळ सुरक्षित असते, वार नको ते पदार्थ अडवते, असा समज त्या काळी डॉक्टरांमध्येही होता. खरे तर त्याला १९४१ मध्येच धक्का बसला होता. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू असू शकतो, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवले होते. पण विषाणूबाबतचा हा धडा औषधांना कोणी फारसा लावला नाही.

पुढे काय झाले ते अनेकांना ठाऊक आहे. हात किंवा पाय जवळजवळ नसलेली, खांद्यालाच पंजा फुटल्यासारखी दिसणारी बाळे जन्माला येऊ लागली. नोव्हेंबर १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी थॅलिडोमाइडवर बोट ठेवले. डिसेंबरमध्ये सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे तशाच आशयाचे पत्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक मुलांना या औषधाने बाधा झाली होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. थॅलिडोमाइडमुळे होणारे व्यंग एरवी अतिशय दुर्मीळ असते. आयुष्यभरात एखादेच असे बाळ पाहणाऱ्या डॉक्टरांनी काही महिन्यांत तीन-चार पाहिली, तर शंका येणारच. अशा वेळी सजग डॉक्टरांची नजर पुरते. पण प्रत्येक औषध अशी स्पष्ट खूण मागे ठेवत नाही.

नजर चुकते तेव्हा

१९७२ मध्ये याच मॅकब्राइड यांनी दुसरा इशारा दिला. इमिप्रामाइन घेतलेल्या मातांच्या बाळांमध्येही हातापायांची व्यंगे दिसतात, असे त्यांनी कळवले. थॅलिडोमाइडच्या वेळी खरा ठरलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर खळबळ उडाली. पण पुढे मोठ्या संख्येने बाळांची पाहणी झाली, तेव्हा हा संबंध टिकला नाही.

असे का व्हावे? थोडा हिशेब करू. कोणतेही औषध न घेतलेल्या मातांच्या १०० बाळांपैकीही सुमारे तिघांना जन्मतः काही ना काही मोठे व्यंग असते. आता समजा, अगदी निरुपद्रवी असे एखादे औषध १,००० गरोदर स्त्रियांनी घेतले. त्यांच्या सुमारे ३० बाळांना व्यंग असेल. त्या तिसांपैकी प्रत्येक आईला वाटणार, 'मी ती गोळी घेतली म्हणूनच झाले.' उरलेल्या ९७० घरांत तो विषयही निघणार नाही. म्हणजे 'औषध घेतले आणि व्यंग झाले' अशी उदाहरणे कितीही गोळा केली, तरी त्यांतून औषधाचा दोष सिद्ध होत नाही. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण किती, ते पाहावेच लागते.

मॅकब्राइड यांची पुढची कथा खेदजनक आहे. गरोदरपणातील मळमळीवरच्या डेबेन्डॉक्स या औषधावरही त्यांनी आक्षेप घेतला. पाहण्यांत त्या औषधाचा दोष दिसत नव्हता, तरी खटल्यांच्या ओझ्यामुळे कंपनीने १९८३ मध्ये ते मागे घेतले. त्यानंतरही व्यंगांचे प्रमाण घटले नाही. १९९३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या वैद्यकीय न्यायाधिकरणाने मॅकब्राइड यांना सशांवरील एका प्रयोगाच्या संदर्भात शास्त्रीय फसवणुकीबद्दल दोषी ठरवले आणि त्यांची नोंदणी रद्द झाली. ती पुन्हा मिळायला १९९८ उजाडले. एकदा बरोबर निघालेल्या माणसाचेही पुढचे प्रत्येक विधान पुराव्यानेच तपासावे लागते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

नुसती उदाहरणे गोळा करण्यातला धोका लिथियमच्या बाबतीतही दिसला. नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजारावर लिथियम देतात. लिथियम घेतलेल्या मातांच्या बाळांची नोंदवही १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. डॉक्टरांनी आपणहून माहिती कळवायची होती. साहजिकच व्यंग असलेली बाळे आवर्जून कळवली गेली, सुदृढ बाळे राहून गेली. त्यामुळे हृदयाच्या एका दुर्मीळ दोषाचा धोका शेकडो पटींनी वाढतो, असा अंदाज निघाला. नंतरच्या शिस्तशीर पाहण्यांत हृदयदोषांचा धोका थोडा वाढतो हे खरे ठरले, पण तो पहिल्या अंदाजाच्या जवळपासही नव्हता.

काळजीपोटी आलेले अज्ञान

थॅलिडोमाइडनंतर औषधांचे कायदे कडक झाले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा दंडक घातला की मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू चांगला होता, पण परिणाम विचित्र झाला. औषधे बाजारात येत राहिली, गरोदर स्त्रिया ती घेत राहिल्या, आणि त्यांच्यावर काय परिणाम होतो हे मात्र कोणी पद्धतशीर पाहत नव्हते. तो दंडक १९९३ मध्ये मागे घेतला गेला.

दरम्यान डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली होती. 'प्रोझॅक' या नावाने ते घराघरांत पोचले. मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे पुन्हा शोषण होणे ते रोखते. त्याच वर्गातील सर्ट्रालिन, पॅरोक्सेटीन, सिटॅलोप्राम ही औषधेही आली. इमिप्रामाइनपेक्षा यांचा त्रास कमी, म्हणून ती घेणाऱ्यांत तरुण स्त्रिया खूप होत्या. प्रश्न आता तातडीचा झाला.

१९९३ मध्ये टोरांटो येथे सुरुवातीच्या काळात फ्लुओक्सेटीन घेतलेल्या १२८ गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. मोठी व्यंगे वाढलेली दिसली नाहीत. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील २२८ स्त्रियांच्या पाहणीतही मोठी व्यंगे वाढलेली नव्हती. मात्र बारीकसारीक वेगळेपणा थोडा अधिक होता, आणि शेवटच्या महिन्यांत औषध घेतलेल्यांच्या बाळांना जन्मानंतर जास्त अडचणी येत होत्या.

१२८ हा आकडा पुरेसा आहे का? हृदयाचा दोष साधारणपणे १०० बाळांत एकाला असतो. म्हणजे १२८ बाळांत एकच अपेक्षित आहे. औषधाने हा धोका दुप्पट झाला तरी दोन किंवा तीन बाळे सापडतील. पण एकाऐवजी दोन बाळे केवळ योगायोगानेही सापडू शकतात. छोट्या पाहणीत काही आढळले नाही, याचा अर्थ तेथे काही नाही असा होत नाही. त्यासाठी लाखांच्या घरातील नोंदी हव्यात.

लाखांच्या नोंदी, पण तुलना कोणाशी?

अशा नोंदी स्वीडनकडे होत्या. तेथे १९७३ पासून जवळजवळ प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली जाते. या आणि अमेरिकेतील विम्याच्या नोंदींवरून २००५ मध्ये पॅरोक्सेटीनबाबत इशारा निघाला: हृदयदोषाचे प्रमाण १०० त एकाऐवजी दीड ते दोन दिसते. २००६ मध्ये दुसरी बातमी आली. गरोदरपणाच्या उत्तरार्धात या वर्गातील औषधे घेतली तर नवजात बाळाच्या फुप्फुसातील रक्तदाब न उतरण्याचा गंभीर विकार सहापट होतो, असे एका पाहणीत निघाले. 'सहापट' हा शब्द वृत्तपत्रांना पुरला. अनेक स्त्रिया घाबरल्या.

आता शिक्षकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण घेऊ. एका शाळेत पाहणी केली, तेव्हा गणिताच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गणितातले गुण इतरांपेक्षा कमी निघाले. शिकवणीमुळे गुण कमी होतात, असे आपण म्हणू का? मुळात गणित कच्चे म्हणूनच ती मुले शिकवणीला जातात. शिकवणीचा परिणाम पाहायचा तर तितक्याच कच्च्या पण शिकवणीला न जाणाऱ्या मुलांशी तुलना हवी.

औषधांबाबत नेमके हेच झाले होते. एका बाजूला नैराश्य असलेल्या, औषध घेणाऱ्या स्त्रिया. दुसऱ्या बाजूला बाकी सर्व. पहिल्या गटात धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह आणि इतर औषधांचा वापर यांचे प्रमाण जास्त असते. त्यांच्या बाळांची तपासणीही अधिक बारकाईने होते. त्यामुळे एरवी कधी लक्षात न येणारा हृदयातील छोटासा दोषही सापडतो.

२०१४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात ही गुंतागुंत पायरीपायरीने सोडवलेली दिसते. गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतील ९ लाख ४९ हजार ५०४ गरोदरपणांच्या नोंदी घेतल्या. त्यांपैकी ६४ हजारांहून अधिक स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांत नैराश्यावरील औषध घेतले होते. औषध न घेतलेल्यांच्या १० हजार बाळांमागे ७२ जणांना हृदयदोष होता, घेतलेल्यांच्या १० हजारांमागे ९० जणांना. फ्लुओक्सेटीनच्या वर्गातील औषधांपुरते पाहिले, तर ही वाढ सुमारे २५ टक्के. मग संशोधकांनी फक्त नैराश्य असलेल्या स्त्रियांचीच आपसात तुलना केली. वाढ १२ टक्क्यांवर आली. इतर आजार, इतर औषधे वगैरे बाबी जुळवून घेतल्यावर ती ६ टक्क्यांवर आली, म्हणजे योगायोगापासून वेगळी काढता येणार नाही इतकी. नोंदी त्याच, औषध तेच. तुलना जसजशी न्याय्य होत गेली तसतसा धोका विरत गेला.

फुप्फुसाच्या विकाराचेही तसेच. २०१५ मध्ये ३८ लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. या वर्गातील औषधे शेवटच्या काळात घेतलेल्यांच्या १० हजार बाळांमागे सुमारे ३१ आणि न घेतलेल्यांच्या १० हजारांमागे सुमारे २१ बाळांना हा विकार होता. इतर बाबी जुळवल्यावर फरक आणखी कमी झाला. आणि धोका अगदी दुप्पट मानला, तरी १० हजारांतील ९,९५० हून अधिक बाळांना हा विकार होणार नाही. 'किती पट' एवढे ऐकून थांबू नये. 'किती पैकी किती' हेही विचारावे.

एकाच आईची दोन मुले

तरीही शंका उरते. दोन वेगळ्या स्त्रियांमध्ये नोंदवहीत न येणारे कितीतरी फरक असतात: आनुवंशिकता, घरची परिस्थिती, आजाराची तीव्रता. यावर संशोधकांनी एक सुंदर उपाय काढला. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना करायची: एकाच्या वेळी तिने औषध घेतले होते, दुसऱ्याच्या वेळी नाही.

२०१५ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातून बातमी आली होती की गरोदरपणाच्या उत्तरार्धात औषध घेतले तर मुलाला स्वमग्नता होण्याचा धोका ८७ टक्क्यांनी वाढतो. २०१७ मध्ये स्वीडनमधील १५ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व मुलांची सरसकट तुलना केली, तेव्हा तेथेही संबंध दिसला. सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा स्वमग्नतेशी असलेला संबंध नाहीसा झाला. मुदतीआधी जन्म होण्याचा काहीसा वाढलेला धोका मात्र उरला. भावंडांची तुलनाही निर्दोष नाही. ज्या खेपेस आईने औषध घेतले, त्या खेपेस तिचा आजारही जास्त असू शकतो. पण सरसकट तुलनेपेक्षा ती कितीतरी बरी.

म्हणजे सगळीच औषधे निर्धोक, असे आहे का? मुळीच नाही. अपस्मार आणि मनःस्थितीच्या विकारांवर वापरले जाणारे व्हॅल्प्रोएट घेतले, तर १०० पैकी सुमारे १० बाळांना मोठे व्यंग आणि ३० ते ४० मुलांना वाढीच्या अडचणी येतात. हा धोका न्याय्य तुलनेतही टिकून राहिला आहे. पॅरोक्सेटीनबाबत काही पाहण्यांत अजून थोडा धोका दिसतो, म्हणून गरोदरपणात ते नव्याने सुरू करणे डॉक्टर सहसा टाळतात. शेवटच्या महिन्यांत औषध घेतलेल्यांच्या १०० पैकी सुमारे ३० बाळांत जन्मानंतर थरथर, चिडचिड, दूध ओढण्यात अडचण अशी लक्षणे दिसतात. ती बहुधा काही दिवसांत ओसरतात, पण बाळावर लक्ष ठेवावे लागते.

तराजूचे दुसरे पारडे

इतका वेळ आपण औषधाच्या धोक्याविषयी बोललो. आजाराचेही धोके आहेत. खोल नैराश्यातली बाई नीट जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जात नाही. कधी ती जिवाचे बरेवाईट करून घेते. ब्रिटनमध्ये १९९७ ते १९९९ या काळातील मातामृत्यूंची चौकशी झाली. बाळंतपणानंतरचे पहिले वर्ष धरले, तर आत्महत्या हे मृत्यूचे प्रमुख कारण निघाले.

औषध थांबवले तर काय होते? २००६ मध्ये अमेरिकेत २०१ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. औषध चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणात उलटला. या स्त्रिया तज्ज्ञांच्या केंद्रांत येणाऱ्या, जुन्या आजाराच्या होत्या. २०११ मध्ये सर्वसाधारण वस्तीतील स्त्रियांच्या पाहणीत इतका फरक दिसला नाही. म्हणजे ज्याचा आजार जितका गंभीर, तितका औषध थांबवण्याचा धोका मोठा. इथेही प्रश्न तोच: कोणाची तुलना कोणाशी?

हे सारे दूरदेशीचे वाटू नये, म्हणून गोव्यातील एक अभ्यास सांगतो. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील एका जिल्हा रुग्णालयात मातांची पाहणी केली. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते, आणि त्यांच्यापैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. गरिबी, नवराबायकोतील बेबनाव आणि मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध आढळला. अशा दुःखाला नुसती गोळी पुरणार नाही हे उघड आहे. गोव्यातच पुढे, त्याच भागातील साध्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या संभाषणातून गरोदर मातांना आधार देण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि ते आशादायक होते. सौम्य नैराश्यात अशी संवादातून होणारी मदत पुरू शकते. तीव्र नैराश्यात औषध लागते.

अक्षराऐवजी माहिती

१९७९ पासून अमेरिकेत प्रत्येक औषधाला गरोदरपणापुरते एक अक्षर दिले जाई: ए, बी, सी, डी किंवा एक्स. परीक्षेतील श्रेणीसारखी ही सोय दिसायला सुटसुटीत, पण फसवी होती. 'सी'चा अर्थ अनेकदा 'माणसांबाबत पुरेशी माहिती नाही' एवढाच असे आणि लोक त्याचा अर्थ 'मध्यम धोका' असा करत. २०१५ पासून नव्या औषधांबाबत ही अक्षरे गेली. आता काय माहीत आहे, काय नाही आणि आजार तसाच ठेवण्याचे धोके कोणते, हे वाक्यांत लिहावे लागते. वाद मात्र संपलेला नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली. तीत आजाराच्या धोक्यांना पुरेशी जागा मिळाली नाही, अशी टीका तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने केली.

आपल्या शाळेतील एखादी सहकारी, एखाद्या विद्यार्थ्याची आई किंवा आपल्याच घरातील कोणी या पेचात सापडू शकते. 'दिवस गेले, आता गोळ्या बंद कर' असे मायेपोटी तिला सांगणारे भोवती पुष्कळ असतात. औषध एकदम बंद करण्यातही धोका आहे, आणि निर्णय तिने तिच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे, शक्य तर दिवस जाण्याआधीच, एवढे तिला सांगणारे कोणीतरी हवे.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. 'अमुक खाल्ल्याने तमुक रोग दुप्पट' अशी बातमी वर्तमानपत्रात शोधायला सांगा. मग विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारा: दुप्पट म्हणजे किती पैकी किती? तुलना कोणाशी केली? त्या दोन गटांत आणखी कोणते फरक असू शकतील? बऱ्याच बातम्यांत या तिन्हींची उत्तरे सापडणार नाहीत. ती सापडत नाहीत हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले, तरी तास सत्कारणी लागला असे समजावे.